मोटार का तापते?

(विहिरीवर, इमारतीच्या टाकीवर, बंगल्यातील तलावावर पाण्याचा पंप चालवणारी विजेची मोटार आपण रोज पाहतो. ती तापून वारंवार बंद पडू लागली, तर काय पाहावे आणि कशाला हात लावू नये, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मराठीत 'ताप' हा मोठा कामाचा शब्द आहे. चुलीवर तवा तापतो, उन्हाने जमीन तापते आणि आजारी माणसाला ताप येतो. एखाद्या गोष्टीचा फार त्रास झाला, तर "काय ताप आहे!" असेही आपण म्हणतो. माणसाच्या तापाला उर्दूत आपण बुखार म्हणतो. मूळ अरबीत बुखार म्हणजे वाफ. शब्द दोन असले, तरी दोन्हींच्या मुळाशी उष्णताच आहे.

ताप आला की डॉक्टर आधी प्रश्न विचारतात. ताप केव्हा येतो? सकाळी की संध्याकाळी? सोबत खोकला आहे का? काल काय खाल्ले? कारण ताप हा रोग नव्हे, ते रोगाचे लक्षण आहे. विजेच्या मोटारीचेही तसेच असते. मोटार तापली म्हणून तिच्यावर ओले फडके टाकणारे लोक मी पाहिले आहेत. ते फडके धोक्याचे तर आहेच, शिवाय त्याने रोगही कळत नाही.

पेणहून रोह्याकडे रेल्वेने निघालात, तर खिडकीतून भातशेती, विहिरी, घरांवरच्या काळ्या टाक्या दिसत जातात. जिथे टाकी तिथे खाली कुठेतरी पंप असतोच. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत तर लहानमोठ्या कितीतरी मोटारी चालतात. मशिदीत वुजूच्या हौदात पाणी चढवणारीही मोटारच. (हौद हा शब्द मराठीला अरबी-फारसीकडून मिळाला. उर्दूत आपण त्यालाच हौज म्हणतो. म्हणजे हा शब्द तुम्हांला पाठ करायला नको!) गेल्या काही वर्षांत रोहा-कोलाड भागात बंगले आणि रिसॉर्ट वाढले. त्यांच्या अंगणात पोहण्याचे तलाव आले आणि तलावांबरोबर त्यांचे पंपही आले.

पोहण्याच्या तलावाचा पंप पाणी वर चढवत नाही. तो तलावातले पाणी ओढतो, वाळूच्या गाळणीतून ढकलतो आणि पुन्हा तलावात सोडतो. दिवसातून सहा ते आठ तास असे पाणी फिरले पाहिजे. ते फिरले नाही, तर मे महिन्याच्या उन्हात दोन-तीन दिवसांत पाण्याला हिरवी झाक येते.

आता असा एक बंगला डोळ्यांसमोर आणा. मालक मुंबईला राहतात. बंगला सांभाळायला एक वयस्कर रखवालदार आहेत. आपण त्यांना चाचा म्हणू. सुट्टीत त्यांचा नववीत शिकणारा पुतण्या त्यांच्याकडे राहायला आला आहे. तलावाची मोटार एक अश्वशक्तीची आहे. पाच दिवसांपासून ती तापून बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते आणि पुन्हा बंद पडते. रविवारी मालकांकडे पाहुणे येणार आहेत. फोनवर मालकांचे एकच म्हणणे, "काहीही करा, पण पाणी स्वच्छ पाहिजे."

शेजारच्या बंगल्याचा माळी येऊन पाहतो आणि म्हणतो, "चाचा, आत एक बटणासारखा तुकडा असतो. तोच मोटार बंद करतो. तो काढून वायर डायरेक्ट जोडली की झाले. मोटार थांबणारच नाही."

त्याचे म्हणणे एका अर्थाने खरे आहे. मोटार थांबणार नाही. पण ती जळेल.

तो बटणासारखा तुकडा म्हणजे मोटारीचा रखवालदार. त्यात दोन वेगवेगळ्या धातूंची एकमेकींना चिकटवलेली पातळ चकती असते. उष्णतेने दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून चकती वाकते आणि वीज तुटते. मोटार निवली की चकती सरळ होते आणि वीज पुन्हा जोडली जाते. मोटारीच्या आत तांब्याच्या तारांची वेटोळी असतात. त्यांना वायंडिंग म्हणतात. तारेवर पातळ रोगण चढवलेले असते. हे रोगणच एका वेढ्याची वीज दुसऱ्या वेढ्यात जाऊ देत नाही. रोगणाच्या प्रतीप्रमाणे ते किती उष्णता सोसेल हे ठरलेले असते. मोटारीच्या पत्र्यावर 'बी' वर्ग लिहिला असेल तर १३० अंश सेल्सिअस, 'एफ' वर्ग असेल तर १५५ अंश. या मर्यादेपेक्षा दर दहा अंश जास्त तापमानाला रोगणाचे आयुष्य निम्मे होते, असा कारागिरांचा आणि इंजिनिअरांचा ढोबळ हिशेब आहे. एकदा रोगण करपले की तो ओळखीचा जळका वास सुटतो. मग मोटार भरायला टाकावी लागते, म्हणजे सगळी जुनी तार काढून नवी गुंडाळावी लागते. दुसरा धोका याहून मोठा आहे. करपलेल्या तारेची वीज मोटारीच्या लोखंडी अंगात उतरू शकते. ज्या तलावात मुले पोहतात, त्याच तलावाच्या पाण्याशी ही मोटार जोडलेली असते.

चाचा माळ्याला चहा देतात आणि वायर काही जोडू देत नाहीत.

मोटार नेमकी कशी तापते, हे आता पाहू. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. एवढे काम करण्यासाठी अशी लहान मोटार साधारण ११०० वॅट वीज घेते. उरलेले साडेतीनशे वॅट कुठे जातात? त्यांची उष्णता होते. शंभर वॅटचे साडेतीन जुने पिवळे दिवे एका लोखंडी डब्यात कोंडून लावले आहेत, असे समजा. म्हणजे धडधाकट मोटारही तापतेच. तिच्या अंगाला हात लावून "फार गरम आहे" म्हणणे ही काही परीक्षा नव्हे. साठ अंशांवर आपला हात टिकत नाही, पण मोटारीला साठ अंश काहीच नाहीत. ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी मोटारीच्या शेपटीला एक लहान पंखा असतो. तो हवा ओढतो आणि मोटारीच्या अंगावरच्या उभ्या पट्ट्यांवरून पुढे सोडतो.

म्हणून मोटार जादा तापते तेव्हा दोनच शक्यता असतात. एक तर आत उष्णता जास्त तयार होते आहे, नाही तर ती बाहेर जात नाही. कधी दोन्ही गोष्टी एकदम होतात.

पुतण्याने मोटारीला हातही लावला नाही. त्याने वही घेतली. मोटार किती वाजता सुरू झाली, किती वाजता थांबली, एवढेच तो दोन दिवस लिहीत राहिला. पहाटे पाच वाजता सुरू केलेली मोटार सव्वासात वाजता थांबली. दुपारी बारा वाजता ती चाळीस मिनिटे चालली. संध्याकाळी सात वाजता फक्त पंधरा मिनिटे. शनिवारी सकाळी वायरमन आला. चाचा म्हणाले, "दादा, आधी या पोराची वही बघ."

वायरमनने वही पाहिली आणि म्हणाला, "चाचा, निम्मे काम झाले. मोटार आतून खराब असती, तर तिने वेळ पाहिली नसती."

हे कसे, ते समजून घेऊ. मोटारीचे बेअरिंग सुकले असेल, तर ते पहाटेही किंचाळते आणि संध्याकाळीही. बेअरिंगला गंज धरतो, विशेषतः पंपाच्या सीलमधून पाणी झिरपत असेल तर. पेणच्या खारेपाटात, धरमतर खाडीच्या बाजूला, खाऱ्या हवेने हे लवकर होते. कपॅसिटर गेला असेल, तर मोटार नुसती घुमते, फिरत नाही आणि नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढून मिनिटभरात तापते. पंपाच्या आतल्या चाकात काडी किंवा खडा अडकला, तरी असेच होते. यांतले कोणतेच कारण घड्याळ पाहून येत नाही.

मग पानांची जाळी? पंपाच्या तोंडाशी एक टोपली असते, तिच्यात पाने अडकतात. "जाळी भरली, पंपाला जोर पडला, म्हणून मोटार तापली," असे सगळेच म्हणतात. गंमत अशी की या जातीच्या पंपात पाणी कमी झाले, तर मोटारीवरचा भार वाढत नाही, उलट कमी होतो. तोटी पूर्ण बंद केली, तर तो सर्वांत कमी असतो. पण म्हणून जाळी भरू द्यावी असे नाही. तेच ते पाणी पंपात घुसळून गरम होते, सील जळते, प्लास्टिक वाकते आणि ती उष्णता दांड्यावाटे मोटारीकडे सरकते. पंप कोरडा चालला, तर हे आणखी लवकर घडते. जाळी रोज साफ करावी. फक्त त्यामागचे कारण बरोबर सांगावे.

आता वहीकडे वळू. पहाटे मोटार सव्वादोन तास चालते आणि संध्याकाळी सातला पंधरा मिनिटे. दुपारचा उष्मा संध्याकाळी थोडा उतरलेला असतो. तरीही मोटार दुपारपेक्षा संध्याकाळी लवकर थांबते. मग संध्याकाळी नेमके काय बदलते? त्या वेळी सगळ्या बंगल्यांतले दिवे, एसी, पंप एकदम चालू होतात. सगळे एकाच डीपीवर. विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, खाली येते. भिऱ्याचे वीजघर १९२७ पासून मुळशीच्या पाण्यावर वीज तयार करत आले आहे आणि ते पाणी पुढे याच कुंडलिका नदीत येते. पण वीजघर जवळ आहे म्हणून घरात दाब पुरेसा मिळतो, असे नाही. तुमचे घर डीपीपासून किती लांब आणि मधली तार किती बारीक, यावर ते ठरते.

येथे पुष्कळ लोक अडखळतात. ते म्हणतात, "दाब कमी झाला तर मोटारीला वीज कमी मिळेल, ती थंड राहील. दिवा नाही का मंद होतो?" जुना पिवळा दिवा मंद होतो, कारण तो कमी काम करून गप्प बसतो. मोटार तसे करत नाही. तिला पाणी ओढायचेच असते. समजा, बाजारात तुम्हांला शंभर रुपये द्यायचे आहेत. पन्नासच्या नोटा असतील तर दोन लागतात, वीसच्या असतील तर पाच. व्होल्टेज म्हणजे नोटेची किंमत आणि विजेचा प्रवाह म्हणजे नोटांची संख्या. नोट लहान झाली की संख्या वाढते. आणि तार जी तापते, ती संख्येने तापते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. हा नियम जेम्स प्रेस्कॉट ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली मांडला.

वायरमनकडे चिमट्यासारखे एक यंत्र होते. त्याला टाँगटेस्टर म्हणतात. वायर न कापता, नुसती चिमट्यात धरली की प्रवाह कळतो. मोटारीच्या पत्र्यावर २३० व्होल्ट आणि ६ अँपिअर असे लिहिलेले होते. वायरमन संध्याकाळी सातला पुन्हा आला आणि त्याने दोन ठिकाणी दाब मोजला. बंगल्याच्या मीटरपाशी २०४ व्होल्ट होते आणि मोटारीपाशी १८७. प्रवाह ७.४ अँपिअर.

"मधले सतरा व्होल्ट कुठे गेले?" पुतण्याने विचारले.

"वायरने खाल्ले," वायरमन म्हणाला. "मीटरपासून इथपर्यंत साठ मीटर अंतर आहे आणि वायर घातली आहे एक चौरस मिलिमीटरची. घरातल्या दिव्याला चालेल अशी."

आता हिशेब करा. सहाऐवजी ७.४ अँपिअर म्हणजे प्रवाह सव्वापटीपेक्षा किंचित कमी. पण उष्णता मोजताना त्याला त्यानेच गुणायचे. म्हणजे तारेतली उष्णता दीडपट. मोटारीला मार दोन बाजूंनी होता. एक गावाच्या लाईनचा, दुसरा आपल्याच बारीक वायरचा.

तरीही वायरमनचे समाधान झाले नाही. पहाटेही मोटार सव्वादोन तासांनी का थांबावी? तो मोटारीच्या मागे गेला आणि हसला. गेल्या पावसाळ्यात मोटार भिजू नये म्हणून कोणीतरी तिच्याभोवती चारी बाजूंनी पत्र्याची पेटी ठोकली होती. आपल्याकडचा पाऊस पाहता ते चुकीचे म्हणता येणार नाही. पण पेटीला पुढे हातभर उघडे तोंड ठेवून मागची बाजू पूर्ण बंद केली होती, आणि पंखा हवा ओढतो ती मागूनच. जी काही फट होती, तिच्यात आंब्याची वाळलेली पाने भरली होती. पंखा आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत होता. मे महिन्याच्या उन्हात तापलेला पत्रा त्यात भर घालत होता. दुपारी मोटार पहाटेपेक्षा लवकर थांबत होती, ती यामुळे.

वायरमनने आधी मेन स्विच बंद केला. तलावात कोणी नाही हे पाहिले. कपॅसिटरची वीज उतरवली, कारण स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि जोराचा झटका देते. नुसती मोटार थांबली म्हणून तिच्यात हात घालणे तर आणखी वाईट. तो चकतीचा रखवालदार निवला की मोटार न सांगता सुरू होते. म्हणून मोटार उघडणे हे वायरमनचेच काम आहे, तुमचे नाही. तुमच्याकडे डोळे, कान, नाक आणि वही आहे. त्यांनी बरेच काही कळते.

पत्र्याच्या बाजू काढल्या. वर छप्पर तेवढे ठेवले आणि मोटार विटांवर थोडी उंच बसवली. बारीक वायर जाऊन चार चौरस मिलिमीटरची आली, तेव्हा सतराऐवजी चारच व्होल्ट वाटेत जाऊ लागले. अर्थिंग तपासले. मेनमध्ये ३० मिलिअँपिअरची गळती झाली तरी वीज तोडणारा स्विच बसवायला सांगितला. गावाच्या लाईनचे मात्र वायरमनच्या हाती काही नव्हते. संध्याकाळी मोटारीपाशी आता दोनशे व्होल्ट मिळतात आणि दोनशेवरही तारेत सुमारे सव्वा ते दीडपट उष्णता होते. डीपीवरचा भार वाढला आहे, असा अर्ज सगळ्या बंगल्यांनी मिळून द्यायचे ठरले. अर्जावर वेगवेगळ्या वेळी मोजलेले व्होल्टेज लिहिले. नुसते "लाईट नीट नाही" असे लिहिण्यापेक्षा आकड्यांनी अर्जाला वजन येते.

रात्री चाचांनी मालकांना फोन केला. "साहेब, मोटार पहाटे चार ते दहा चालवीन. संध्याकाळी चालवणार नाही." मालक म्हणाले, "पाहुणे संध्याकाळी पोहतील, तेव्हा पंप बंद?" चाचा म्हणाले, "पाणी सकाळीच गाळून ठेवलेले असेल. आणि मुले पाण्यात असताना पंप बंद असला, तर मला बरे वाटते."

जाता जाता एक गोष्ट सांगतो. अशा प्रकारच्या मोटारीची पेटंटे निकोला टेस्ला यांना अमेरिकेत १८८८ साली मिळाली. त्याच वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि त्यांच्या कारखान्याचे पंप महाराष्ट्रातल्या विहिरींवर पोहोचले. जुन्या विहिरीवर असा एखादा पंप दिसला, तर त्याच्या मोटारीवरचा पत्रा वाचून पाहा. व्होल्ट, अँपिअर, अश्वशक्ती, रोगणाचा वर्ग, सगळे त्यावर लिहिलेले असते.

शब्दार्थ
लक्षण – निशाणी, अलामत. उष्णता – हरारत. वयस्कर – उतारवयाचा, बुजुर्ग. प्रसरण पावणे – फैलणे, आकार वाढणे. वेटोळे – गोल गुंडाळी. रोगण – तारेवरचा चिकट लेप, रोगन. ढोबळ – अंदाजे. झिरपणे – थोडे थोडे गळणे. निवणे – थंड होणे.

स्वाध्याय
१. माळ्याचा सल्ला चाचांनी का मानला नाही? त्यातले दोन धोके तुमच्या शब्दांत लिहा.
२. व्होल्टेज कमी झाले की पिवळा दिवा मंद होतो, पण मोटार तापते. असे का?
३. पुतण्याची वही पाहून वायरमन म्हणाला, "निम्मे काम झाले." याचा अर्थ स्पष्ट करा.
४. 'ताप' हा शब्द तीन वेगवेगळ्या अर्थांनी वापरून तीन वाक्ये लिहा.
५. तुमच्या घरातील किंवा वस्तीतील पाण्याची मोटार केव्हा सुरू होते व केव्हा थांबते, याची आठ दिवसांची नोंद लांबूनच पाहून ठेवा. मोटारीला हात लावू नका.
६. व्होल्टेज कमी येत असल्याची तक्रार करणारा अर्ज वीज कार्यालयाला लिहा.